पुलीवरची खूण

गेल्या महिन्यात एक जिप्सी टोचन करून आमच्याकडे आली. मूळची कार्ब्युरेटरची गाडी. मालकाने हौसेने इंजेक्शन बसवून घेतलं होतं, सोबत परदेशी स्टँडअलोन ईसीयू आणि डॅशबोर्डवर रंगीत डिस्प्ले. वायरिंग तर इतकं नेटकं की कुणीही शाबासकी द्यावी. पण दुसरा सिलिंडर मेला होता. लॅपटॉप लावून मॅप पाहिला, तर त्यात बोट ठेवायला जागा नव्हती. पूर्ण लोडला २८ अंश, सगळं शहाण्यासारखं भरलेलं.

मग जुन्या पद्धतीने गेलो. डायल गेजने पहिल्या पिस्टनचा टॉप शोधला, पुलीवर ०, १० आणि २० अंशांना पांढऱ्या रंगाने खुणा केल्या, सॉफ्टवेअरमध्ये टायमिंग १० वर लॉक केलं. इंजिन तीन सिलिंडरवर का होईना, चालत होतं. टायमिंग लाइट मारली. काट्यासमोर २० ची खूण स्थिर उभी. क्रँकवरचं चाक ३६ दातांचं, एक दात गाळलेला. म्हणजे प्रत्येक दात १० अंशांचा, आणि सेटिंगमध्ये एकच दात चुकला होता. स्क्रीनवर २८ दिसायचे तेव्हा इंजिनात ३८ अंशांना ठिणगी पडत होती. हेड काढलं, पिस्टन बाहेर घेतला, तर वरच्या दोन रिंगांमधली कड तुटून आली.

कंपनीचा ईसीयू ठेवायचा की नवीन टाकायचा, हे आपल्याला गिऱ्हाईक रोज विचारतं. उत्तर देताना आपण बहुतेक वेळा फीचर्स सांगतो. मला वाटतं, आधी ही जिप्सी सांगावी. कंपनीच्या डब्यात पुलीवरची खूण कुणीतरी आपल्या आधी तपासलेली असते. थंडीतला स्टार्ट, एसी लागल्यावरचं आयडलिंग, उन्हात तापलेली हवा, नॉक सेन्सरचं ऐकून टायमिंग मागे घेणं, या सगळ्यावर इंजिनिअरांनी महिनोन्‌महिने घालवलेले असतात. नवा डबा कोरा येतो. त्यातला प्रत्येक आकडा भरायची जबाबदारी तुमची आणि माझी.

म्हणून माझं मत स्पष्ट आहे. रस्त्यावर चालणारी, मूळचं इंजेक्शन असलेली गाडी असेल तर कंपनीचाच ईसीयू ठेवा आणि त्याचा मॅप नीट करा. टर्बो मोठा केला, इंजेक्टर मोठे टाकले, तरी तोच डबा बरीच मजल मारतो. इंजिनच दुसरं बसवलं असेल, गाडी निव्वळ रेसिंगची असेल, किंवा जिप्सीसारखी मुळात कॉम्प्युटरच नसलेली असेल, तर स्टँडअलोन हवाच. तिथे हॉलटेक, लिंक किंवा स्पीडुइनो यांतलं काय घ्यायचं हा बजेटचा प्रश्न.

कंपनीचा मॅप करणं सोपं आहे, असं मात्र कुणी समजू नये. ऑक्टेव्हियामधल्या बॉशच्या एमई-७ पासून पुढे पेट्रोल गाड्यांत पॅडल थेट थ्रॉटलला बांधलेलं राहिलं नाही. पॅडल टॉर्क मागतं. किती द्यायचा ते डबा ठरवतो आणि त्याप्रमाणे हवा, बूस्ट, ठिणगी जुळवतो. नुसता बूस्ट वाढवला की डब्याच्या हिशेबात टॉर्क जास्त दिसतो आणि तो थ्रॉटल मिटून घेतो. गिऱ्हाईक म्हणतं, पैसे दिले आणि पिकअप गेला. गिअरबॉक्सही याच साखळीत आहे. डीएसजी गिअर बदलताना कॅन लाइनवरून इंजिनाकडे क्षणभर टॉर्क कमी मागतो. स्टँडअलोनला ती भाषा येत नसेल तर गाडी प्रत्येक गिअरला हिसका देते. सात गिअरच्या कोरड्या क्लचवाल्या डीएसजीची मर्यादा २५० न्यूटन मीटर आहे, हेही मॅप लिहिताना समोर ठेवा.

खरा घात होतो तो विकतच्या फाइलमुळे. एका टर्बो पेट्रोल गाडीचा मालक मे महिन्यात माझ्याकडे आला. “दादा, पुण्यातून निघताना गाडी उडते, खंबाटकी चढेपर्यंत मरते.” शेजारी बसून लॉग घेत घाट चढलो. आत येणाऱ्या हवेचं तापमान ६० अंशांच्या वर, आणि तिसऱ्या सिलिंडरचं टायमिंग ६ अंश मागे ओढलेलं. फाइल परदेशातून ईमेलवर आलेली, ९८ ऑक्टेनच्या पेट्रोलवर बसवलेली. ते पेट्रोल आपल्या पंपावर सहज मिळत नाही. इंजिन वाचलं ते नॉक सेन्सर आणि कंपनीचं नॉक कंट्रोल जागं होतं म्हणून. तेवढ्यासाठी तरी मूळ डब्याबद्दल आदर हवा.

इथेनॉलचंही तसंच. शुद्ध पेट्रोलला हवा-इंधनाचं प्रमाण १४.७, ई-२० ला ते १३.५ च्या आसपास येतं. ई-१० वर बसवलेल्या स्टँडअलोनच्या गाडीत ई-२० भरलं आणि लॅम्डाची दुरुस्ती चालू नसेल, तर मिश्रण चारेक टक्के लीन होतं. कंपनीचा डबा हा फरक ट्रिममध्ये शिकून घेतो. दोन-तीन वर्षांपूर्वी तुम्ही ट्यून केलेल्या जुन्या गाड्या परत बोलावून एकदा वाइडबँडवर बघा, ही माझी कळकळीची विनंती.

डिझेलच्या ट्यूनिंग बॉक्सबद्दल थोडक्यात. तो रेल प्रेशरच्या सेन्सरची खोटी रीडिंग डब्याला देतो, डबा प्रेशर वाढवत राहतो, आणि खरं प्रेशर किती झालं ते कुणालाच कळत नाही. मी बसवत नाही, तुम्हीही बसवू नका. बीएस-६ गाडीचा डीपीएफ मॅपमधून बंद करून द्या म्हणणाऱ्यालाही नाही म्हणा. धूर आपल्याच गावात सुटतो, आणि पीयूसीला गाडी अडकली की नाव आपल्या गॅरेजचं निघतं.

स्टँडअलोनचं काम घ्याल तेव्हा डब्याची किंमत वेगळी लावा आणि दिवसांची वेगळी. गिऱ्हाईक कुरकुर करेल. त्याला समोर बसवून सांगा की डायनोवर पूर्ण लोड एका दुपारी होतो, पण थंड इंजिनाचा स्टार्ट दिवसातून एकदाच तपासता येतो. रात्रभर गाडी उभी, सकाळी एक संधी. चुकलं तर दुसऱ्या दिवसाची वाट. त्या जिप्सीला नवा पिस्टन टाकल्यावर आम्ही टायमिंग १००० आरपीएमला पाहिलं आणि पुन्हा ४००० ला पाहिलं, कारण सेन्सरचं वायरिंग उलटं असेल तर खूण वेगाबरोबर सरकते. सरकली नाही. मग पाच सकाळी ती आमच्या दारात उभी होती. पहिल्या सकाळी तीनदा बंद पडली, तिसऱ्या सकाळी एकदा. पाचव्या सकाळी मालकालाच सातला बोलावलं आणि चावी त्याच्या हातात दिली.