भूलतज्ज्ञाच्या पिशवीत नसलेले यंत्र

हाताच्या शस्त्रक्रियेसाठी सबंध माणसाला बेशुद्ध करण्याचे वस्तुतः कारण नाही. हासळीच्या हाडामागून बाहूकडे जाणाऱ्या मज्जातंतूंच्या जुडीभोवती औषध सोडले की तेवढा हात बधिर होतो. रुग्ण जागाच राहतो. हृदय दुबळे झालेल्या वृद्धांना ही भूल वरदानच म्हणावी लागेल. धोका असा की, फुप्फुसाचे आवरण आणि मोठी रोहिणी तेथून अगदी जवळ असतात. १९११ च्या सुमारास जर्मनीत कुलेनकाम्फ यांनी ही पद्धती रूढ केली. तेव्हापासून आठ दशके भूलतज्ज्ञाची सुई शरीरावरील खुणांच्या, आणि पुढे विजेच्या सूक्ष्म झटक्यांच्या, आधारे चाचपडतच आत जात होती.

हीच सुई सोनोग्राफीच्या पडद्यावर पाहत नेता येते, हे व्हिएन्नाच्या भूलतज्ज्ञांनी १९९४ साली दाखवून दिले. औषध कमी पुरते, रक्तवाहिनीस सुई लागण्याचे प्रकार घटतात. (मज्जातंतूची कायमची इजा यामुळे टळते, हे मात्र अद्याप सिद्ध झालेले नाही.)

त्याच १९९४ साली आपल्या संसदेने गर्भलिंगनिदानाला आळा घालणारा कायदा केला. त्याची निकड आजही तितकीच आहे, याविषयी आमच्या मनात तिळमात्र शंका नाही. मुलींचा जन्मापूर्वीच काटा काढण्याच्या पापात पदवीधर डॉक्टरही वाटेकरी होते, हे वैद्यकीय व्यवसायाने विसरू नये. परंतु २०१२ च्या दुरुस्तीने, फिरत्या वैद्यकीय पथकाचा अपवाद सोडल्यास, हाताळते सोनोग्राफी यंत्र नोंदलेल्या जागेबाहेर वापरण्यास बंदी झाली. आपल्याकडील पुष्कळसे भूलतज्ज्ञ सकाळी म्हापशाला, दुपारी डिचोलीला, असे बोलावतील त्या लहान रुग्णालयात पिशवी घेऊन जातात. त्या पिशवीत सुया, औषधे, नळ्या सारे असते. हे यंत्र तेवढे नसते. रुग्णालयाकडे स्वतःचे यंत्र नसेल, तर पुन्हा चाचपडणे आले, किंवा ऐंशी वर्षांच्या आजींना पूर्ण भूल देणे आले.

मज्जातंतू पाहण्याचा प्रोब त्वचेखालचा उथळ भाग दाखविण्यासाठी घडविलेला असतो, गर्भाशयासाठी नव्हे. पण त्याच यंत्राला दुसरा प्रोब जोडता येतो, हेही आम्ही जाणतो. म्हणूनच कायदा सैल करा असे आम्ही म्हणत नाही. यंत्र भूलतज्ज्ञाच्या नावे नोंदवावे, त्याला उथळ प्रोबखेरीज दुसरा जोडता येणार नाही असे ते मोहोरबंद करावे, आणि ते कोठे, कोणत्या रुग्णासाठी नेले याची नोंद जिल्ह्याच्या अधिकाऱ्याकडे जावी. नोंदीत खोट आढळली तर परवान्यावरच गदा यावी. नियम केंद्राचा आहे. तो बदलून घेण्यासाठी पणजीने दिल्लीला लिहावयास हवे.