दहाव्याला लेक परदेशात

हिंगोली जिल्ह्यातल्या नरसीचे नामदेव महाराज पंजाबात घुमानपर्यंत गेले. आता हिंगोलीची लेकरं त्याहून किती तरी दूर गेली आहेत. मार्च २०२० मध्ये आंतरराष्ट्रीय विमानं थांबली आणि परदेशातल्या अनेकांनी आईबापाचा अंत्यविधी मोबाइलवरच पाहिला. दहाव्याला कयाधू नदीकाठी पिंड ठेवलेला, कावळा शिवेना; धाकटा फोन उंच धरून म्हणतो, "दादा, तिकडूनच हात जोड." तिकडे मध्यरात्र, सकाळी कामावर हजर व्हायचं, रडायला जवळ आपलं माणूस नाही.

२०२२ मध्ये विमानं पूर्ववत झाली, तरी 'लेकराला उगाच घोर नको' म्हणून आजार लपवणं चालूच आहे. माया खरी, पण त्यात शेवटचं बोलणंही हुकतं. आईला दवाखान्यात हलवलं, की त्याच दिवशी परदेशातल्या लेकराला कळवा.