तक्रारवहीचें भाड्याचें बिऱ्हाड

आमच्या नारायण पेठेंतील एका लहान शिष्यवृत्ति-संस्थेची गोष्ट नुकतीच आमच्या कानीं आली. एका होतकरू विद्यार्थ्यानें फीच्या हप्त्याविषयीं तिला ई-मेल पाठविला. तो शेंकडों पत्रांखालीं दडून राहिला. कोणाच्या दृष्टीस पडला तेव्हां फी भरण्याची मुदत उलटली होती. उत्तर देण्याचें काम कोणा एकाकडे नेमलेलें नव्हतें, म्हणून तें कोणाचेंच झालें नाहीं. अशा ठिकाणीं तिकीट-पद्धति उपयोगी पडते. येथें तिकीट म्हणजे नाटकाचें किंवा आगगाडीचें नव्हे. प्रत्येक पत्रास क्रमांक, त्यास जबाबदार मनुष्य आणि उत्तरांचा इतिहास, हें एके ठिकाणीं ठेवणारी ही वही आहे.

पण ही वही ठेवावी कोठें? स्वतःचा सर्व्हर बाळगण्याची ऐपत अशा संस्थांस नसते. त्या सामायिक होस्टिंगवर बिऱ्हाड करतात: एकाच यंत्रावर शेंकडों भाडेकरू. यंत्रास थेट आज्ञा लिहून देण्याच्या सोयीस शेल म्हणतात, आणि ती पुष्कळ मालक देत नाहींत. त्यांत आम्हांस वावगें वाटत नाहीं. एकाच्या भलत्या आज्ञेनें शेजाऱ्याची चूल विझूं नये.

तेव्हां बिऱ्हाड पाहूनच सामान निवडावें. जेसी व्हिन्सेंट यांनीं १९९६ सालीं लिहावयास घेतलेला ‘रिक्वेस्ट ट्रॅकर’ मोठा समर्थ. पण तो पर्ल भाषेंतला, त्यास पुष्कळ उपांगें लागतात, आणि शेलवांचून तीं बसविणें जिकिरीचें. ‘ओएसटिकेट’ मात्र पीएचपी व मायएसक्यूएल यांवर चालतें, आणि हीं दोन्हीं बहुतेक भाड्याच्या जागांत मिळतात. पीएचपीची कोणती आवृत्ति लागते तेवढें आधीं पाहावें.

एकेक फाइल एफटीपीनें चढवूं लागल्यास हजारों फाइलींपैकीं चार-दोन वाटेंत गळतात आणि पुढें कारण सांपडत नाहीं. त्यापेक्षां सबंध झिप गठ्ठा चढवून होस्टिंगच्या फाइल मॅनेजरांत तेथल्या तेथें सोडावा. त्यांतील ‘अपलोड’ नांवाच्या कप्प्यांतला ऐवज तेवढा संकेतस्थळाच्या जागीं न्यावा. विन्यासाची जी नमुना-फाइल असते तिचें नांव बदलून ती लिहिण्यास मोकळी करावी. मग माहितीकोश व त्याचा वापरकर्ता पॅनलमधून निर्माण करावा. पॅनल या दोन्हीं नांवांच्या आधीं बहुधा आपल्या खात्याचें नांव जोडतो. तें पूर्ण नांव न लिहिल्यानें पुष्कळ लोक येथेंच अडतात. यानंतर ब्राउझरमधून ‘सेटअप’ चालविला कीं काम झालें. परंतु तो ‘सेटअप’ कप्पा त्याच बैठकींत काढून टाकावा आणि विन्यासाची फाइल पुन्हां बंद, म्हणजे ०६४४ करावी. वहींत गरीब मुलांच्या घरच्या अडचणी लिहिलेल्या असतात; दार उघडें ठेवणें बरें नव्हे.

खरी मेख याच्या पुढें आहे. पेटींतील पत्रें आपोआप तिकिटें होत नाहींत. तीं कोणी तरी आणावीं लागतात. ओएसटिकेटमध्यें ‘ऑटोक्रॉन’ नांवाची सोय आहे. पण ती कार्यालयांतला मनुष्य आंत शिरून पानें चाळत असेल तेव्हांच चालते. गणेशोत्सवांत कार्यालय आठ दिवस बंद असलें कीं पत्रें पुन्हां पेटींत पडून राहणार, आणि त्या विद्यार्थ्याच्या नशिबीं तेंच येणार! म्हणून पॅनलमधील ‘क्रॉन जॉब्स’ या सदरांत, दर पांच मिनिटांनीं पीएचपीनें ‘एपीआय’ कप्प्यांतील क्रॉनची फाइल चालवावी, अशी नोंद करावी. तिला शेल लागत नाहीं. पांच मिनिटांस मालकाची मनाई असल्यास पंधरा चालतील. नंतर स्वतःच एक पत्र पाठवून, कार्यालयाचें खातें बंद ठेवून, बाहेर जावें. परत आल्यावर पत्रास क्रमांक लागला असेल तर क्रॉन चालतें असें समजावें.

राहिली नकलेची गोष्ट. १२ जुलै १९६१ रोजीं पानशेतचें धरण फुटलें, त्या पुराच्या तडाख्यांत नदीकांठची आपली पेठहि सांपडली होती. तेव्हां नक्कल मूळ वहीच्याच यंत्रावर ठेवून भागणार नाहीं. पीएचपीमायअ‍ॅडमिनमधून दर आठवड्यास माहितीकोश उतरवून घ्यावा व तो दुसऱ्या जागीं ठेवावा. सोबत विन्यासाची फाइलहि असावी. तिच्यांतील गुप्त कळीवांचून टपालपेटीचे सांठविलेले पासवर्ड उघडत नाहींत, आणि ते सर्व नव्यानें भरावे लागतात.