माप न घेता शिवलेला सदरा

विद्यार्थी मित्रहो, तुमच्या आजी-आजोबांना एकदा विचारून पाहा, त्यांच्या लहानपणी डॉक्टरांकडे जाताना घरून काय न्यावे लागे? ‘रिकामी बाटली’ हे उत्तर बहुधा मिळेल. डॉक्टर तपासून चिठ्ठी देत आणि आतल्या खिडकीशी बसलेला कंपाउंडर चार बरण्यांतून थोडे थोडे घेऊन त्या बाटलीत मिक्श्चर तयार करून देई. बाटलीवर खाचा कातरलेली कागदाची पट्टी चिकटवलेली असे. एका खाचेपासून दुसऱ्या खाचेपर्यंत एक डोस. ‘कंपाउंड’ करणे म्हणजे घटक एकत्र करून औषध बनवणे, आणि ते करणारा तो कंपाउंडर.

आज औषधे कारखान्यात तयार होतात. तरीही बनवून देण्याची गरज अगदीच संपलेली नाही. एखाद्या लहान मुलाला गोळी गिळता येत नाही, तेव्हा तेच औषध पातळ करून द्यावे लागते. एखाद्याला गोळीतील रंग सोसत नाही, तेव्हा तो रंग वगळून औषध करावे लागते. येथे आधी रोग्याचे माप घेतले जाते आणि मग औषध बेतले जाते. शिंपी सदरा शिवतो तसेच हे आहे. पण माप न घेताच कोणी ‘हा खास तुमच्यासाठी शिवला आहे’ असे म्हणू लागला, तर? वजन कमी करण्याच्या औषधांच्या बाबतीत अमेरिकेत नेमके असेच काही घडले आहे. त्यातून आपल्याला शिकण्यासारखे पुष्कळ आहे.

प्रथम औषधाची ओळख करून घेऊ. आपण जेवतो तेव्हा आतड्यातील काही पेशी जीएलपी-१ नावाचे संप्रेरक रक्तात सोडतात. ते स्वादुपिंडाला इन्सुलिन सोडण्यास सुचवते, जठर रिकामे होण्याचा वेग मंदावते आणि ‘पोट भरले’ हा निरोप मेंदूला पोहोचवते. परंतु हे नैसर्गिक संप्रेरक रक्तात अवघी दोन मिनिटे टिकते न टिकते, तोच निम्मे नष्ट होते. शास्त्रज्ञांनी त्याच्या रचनेत थोडा फेरफार केला आणि त्याला मेदाम्लाची एक शेपटी जोडली. या शेपटीमुळे ते रक्तातील अल्ब्युमिन या प्रथिनाला चिकटून राहते, आणि निम्मे होण्यास सुमारे एक आठवडा लागतो. हेच सेमाग्लुटाइड. १,९६१ प्रौढांवर केलेल्या एका चाचणीचे निष्कर्ष २०२१ मध्ये प्रसिद्ध झाले. ६८ आठवड्यांत औषध घेणाऱ्यांचे वजन सरासरी १४.९ टक्के घटले, तर औषधासारखे दिसणारे पण औषध नसलेले इंजेक्शन घेणाऱ्यांचे २.४ टक्के. आहार आणि व्यायामाचा सल्ला दोन्ही गटांना दिला होता. तेव्हा हे औषध गुणकारी आहे, याविषयी वाद नाही.

मागणी एवढी वाढली की २०२२ मध्ये अमेरिकेत त्याचा तुटवडा पडला. किंमतही जबर होती. वजनासाठीच्या इंजेक्शनची छापील किंमत महिन्याला सुमारे १,३५० डॉलर होती. बाजारात मिळणाऱ्या औषधाची नक्कल सर्रास बनवण्यास तेथील कायदा औषध बनवून देणाऱ्या दुकानांना मनाई करतो, पण तुटवड्याच्या काळात ती सैल होते. त्यामुळे अशा दुकानांतून स्वस्त कुप्या मोठ्या प्रमाणात विकल्या गेल्या. त्या घेणाऱ्यांना मी दोष देणार नाही. औषध हवे आहे, पण ते मिळत नाही आणि परवडतही नाही, अशा माणसाने दुसरे दार ठोठावले तर त्यात नवल ते काय?

परंतु एक गोष्ट ध्यानात घ्या. कारखान्यातील औषध विक्रीपूर्वी सरकारी यंत्रणा तपासते. बनवून दिलेल्या औषधाची तशी पूर्वतपासणी होत नाही. यातील धोका काल्पनिक नाही. २०१२ मध्ये अमेरिकेतील अशा एका ठिकाणी बनवलेल्या इंजेक्शनांत बुरशी शिरली होती. त्यामुळे ७५० हून अधिक माणसे आजारी पडली आणि साठाहून अधिक दगावली.

सेमाग्लुटाइडच्या बाबतीत दुसराच घोटाळा झाला, आणि तो तुमच्या गणिताच्या तासाला शोभणारा आहे. कारखान्याच्या पेनमध्ये मात्रा ठरलेली असते. कुपीतून मात्र रोग्याला स्वतः सिरिंजमध्ये औषध ओढावे लागते. इन्सुलिनच्या सिरिंजवर १ मिलिलिटरचे १०० भाग, म्हणजे १०० युनिट, आखलेले असतात. समजा, कुपीत दर मिलिलिटरला ५ मिलिग्रॅम औषध आहे आणि पहिली मात्रा ०.२५ मिलिग्रॅम घ्यायची आहे. किती युनिट ओढाल? ०.२५ भागिले ५ म्हणजे ०.०५ मिलिलिटर, अर्थात ५ युनिट. आता ‘०.२५’ वाचून कोणी २५ युनिट ओढले, तर मात्रा पाचपट झाली! दुसऱ्या कुपीत औषध निम्मे दाट असेल, तर बरोबर उत्तर १० युनिट होईल. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने जुलै २०२४ मध्ये इशारा दिला, की काही रुग्णांनी ठरलेल्या मात्रेच्या पाच ते वीसपट औषध टोचून घेतले होते. औषध निम्मे होण्यास आठवडा लागत असल्यामुळे मळमळ आणि ओकाऱ्या एका दिवसात थांबत नाहीत. बाटलीवरची ती कागदी पट्टी किती मोलाची होती, हे येथे पटावे.

फेब्रुवारी २०२५ मध्ये तुटवडा संपल्याचे जाहीर झाले आणि नक्कल बनवण्याची सवलत गेली. तेव्हा काही विक्रेत्यांनी नवी भाषा काढली. औषधात ब-१२ जीवनसत्त्व मिसळायचे, मात्रा किंचित बदलायची आणि म्हणायचे, ‘हे तुमच्यासाठी व्यक्तिगत बेतलेले औषध आहे.’ आता प्रश्न विचारा. ब-१२ ची कमतरता आहे की नाही, हे रक्त तपासून कळते. ते न तपासता हजारो लोकांना एकच मिश्रण द्यायचे आणि त्याला व्यक्तिगत म्हणायचे, हा शब्दाचा दुरुपयोग नव्हे काय?

येथे कोणी म्हणेल, ‘मग जनुकांची चाचणी करून माप घ्या की!’ कल्पना चांगली आहे, आणि काही ठिकाणी ती पूर्ण यशस्वी झालेली आहे. लेप्टिन हे चरबीच्या पेशींत तयार होणारे, भूक आवरणारे संप्रेरक आहे. त्याचे जनुक बिघडल्यामुळे ज्यांची भूक कधीच शमत नाही, अशी मुले १९९७ मध्ये इंग्लंडमधील संशोधकांना आढळली. त्यांतील नऊ वर्षांच्या एका मुलीचे वजन ९४ किलो होते. तिला लेप्टिनची इंजेक्शने दिल्यावर वर्षभरात ते १६ किलोंनी घटले. अशी मुले अत्यंत विरळा असतात. पण तेथे चाचणीने कारण सांगितले आणि कारणाने औषध सांगितले.

दुसरे उदाहरण आपल्या जवळचे आहे. काही लोकांच्या तांबड्या पेशींत जी-६-पीडी हे विकर जन्मतःच कमी असते. मुंबईच्या संशोधकांनी १९६० च्या दशकात पारशी समाजात हा दोष अभ्यासला होता. अशा माणसाला हिवतापावरील प्रायमाक्विन दिले, तर त्याच्या तांबड्या पेशी फुटू शकतात. म्हणून आधी विकर तपासायचे आणि मग मात्रा ठरवायची.

सर्वसाधारण लठ्ठपणाचे काय? २००७ मध्ये एफटीओ या जनुकाचा शोध गाजला. त्याच्या विशिष्ट रूपाच्या दोन प्रती असणाऱ्यांचे वजन सरासरीने सुमारे ३ किलो अधिक भरले. अशा शेकडो जागा आता माहीत आहेत आणि प्रत्येकीचा वाटा लहान आहे. मग जनुकांवरून आहार निवडता येईल काय? स्टॅनफर्डच्या संशोधकांनी ६०९ प्रौढांवर हे पारखले आणि २०१८ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. निम्म्यांना कमी स्निग्ध पदार्थांचा आहार दिला, निम्म्यांना कमी पिष्टमय पदार्थांचा. वर्षअखेर पहिल्या गटाचे वजन सरासरी ५.३ किलोंनी घटले आणि दुसऱ्याचे ६ किलोंनी. हा फरक नगण्य ठरला. ज्या जनुकरूपांवरून ‘तुला हा आहार मानवेल’ असे सांगता येईल असे वाटत होते, त्यांचा यशापयशाशी संबंध दिसला नाही.

मौज अशी, की दोन्ही गटांत काहींचे वजन ३० किलोंपर्यंत घटले, तर काहींचे चक्क वाढले. म्हणजे माणसे परस्परांहून वेगळी आहेत, यात शंका नाही. सदरा प्रत्येकाला वेगळाच हवा, पण हाती घेतलेल्या पट्टीला ते माप घेता येत नव्हते. त्या पट्टीचे आकडे वाचून शिवलेला सदरा अंगाला बसेलच, असे कसे म्हणावे?

तोपर्यंत एक जुनीच पट्टी उपयोगी आहे. सेमाग्लुटाइड थोड्या मात्रेने सुरू करतात, दर चार आठवड्यांनी रोग्याला काय सोसते हे पाहतात आणि मग मात्रा वाढवतात किंवा थांबवतात. जाहिरातीत न शोभणारे हे काम म्हणजेच व्यक्तिगत उपचार होत.

तेव्हा मित्रहो, ‘खास तुमच्यासाठी’ हे शब्द दिसले की तीन प्रश्न विचारा. काय मोजले? मोजमाप वेगळे आले असते, तर उपचार बदलला असता काय? आणि मोजून उपचार केलेल्यांची तुलना न मोजता उपचार केलेल्यांशी कोणी केली आहे काय? शिक्षकांनी एखादी जाहिरात वर्गात आणून हे प्रश्न फळ्यावर लिहावेत, अशी माझी विनंती आहे. शास्त्राचा एक तास सत्कारणी लागेल.

आणि जाता जाता एक. तुमच्या वर्गात एखादा जाड मुलगा किंवा मुलगी असेल. भूक आणि वजन यांत शरीरातील रसायनांचा वाटा किती मोठा आहे, हे तुम्ही आता वाचले आहे. त्याला ‘ढोल्या’ म्हणून हिणवणारा त्याच्याविषयी काहीही न मोजता निकाल देत असतो. ज्या चुकीबद्दल आपण औषध विकणाऱ्याला बोल लावला, ती आपल्या हातून बाकावर बसल्या बसल्या होऊ नये.