तलवार नक्की कोणाची?

गेल्या दसऱ्याला गावी गेलो होतो. आमचं गाव कशेडी. म्हणजे मुंबई-गोवा हायवेवर पोलादपूर सोडलं की जो घाट लागतो आणि ज्यात तुमच्यापैकी निम्म्या लोकांनी कोकणात जाताना एकदा तरी गाडी थांबवायला लावली असेल, तोच घाट :) आता बोगदा झाल्यापासून घाट कोणाला आठवत नाही. असो.

दसऱ्याला आमच्या घरी शस्त्रपूजा असते. शस्त्रं म्हणजे दोन कोयते, एक कुऱ्हाड, माझा लॅपटॉप (आईचा आग्रह!) आणि चुलत आजोबांची तलवार. ही तलवार 'शिवकालीन' आहे असं मी लहानपणापासून ऐकत आलोय. कारणंही तशीच भक्कम. एक तर जवळच उमरठला तानाजी मालुसऱ्यांची समाधी, समोर प्रतापगड. इथे कुठल्याही घरात गंजकं लोखंड निघालं तरी ते शिवकालीनच असतं. दुसरं म्हणजे तलवारीच्या मुठीवर पंख पसरलेला गरुड आणि त्याच्या पायात स्वस्तिक. गरुड म्हणजे विष्णूचं वाहन, स्वस्तिक तर आपलंच. आजी दर दसऱ्याला त्या स्वस्तिकावर हळद-कुंकू वाहते.

यंदा देवळातल्या मंडळींनी ठरवलं की ही तलवार काचेच्या पेटीत सभामंडपात ठेवायची. फ्लेक्सचं डिझाइनसुद्धा तयार होतं. फक्त 'मूळ मालक कोण' एवढी एक ओळ रिकामी होती, आणि ती भरायचं काम गावातला एकमेव कॉम्प्युटरवाला म्हणून माझ्याकडे आलं.

म्हटलं, बघू तरी. तलवार अंगणात नेली, पातं पुसलं आणि मोबाइलच्या टॉर्चने मुठीजवळ बघितलं. तिथे एक बारीकशी खार बसलेली, तिच्या हातात तलवार. खाली रोमन अक्षरांत 'आयकहॉर्न' आणि 'झोलिंगन'.

झोलिंगन हे जर्मनीतलं गाव पात्यांसाठी कित्येक शतकं प्रसिद्ध आहे आणि खार हा तिथल्या कार्ल आयकहॉर्न कारखान्याचा शिक्का. पकडलेलं स्वस्तिक तिरकं होतं. दहा मिनिटांत उलगडा झाला. ही हिटलरच्या काळातल्या जर्मन लष्करी अधिकाऱ्याची तलवार. मुठीचं टोक सिंहाच्या तोंडाचं, डोळ्यांत लाल काच. युद्धात चालवायची नव्हे, परेडमध्ये मिरवायची. आणि आजी इतकी वर्षं नाझींच्या चिन्हाला कुंकू लावत होती!

मग तिच्याकडूनच कळलं की आजोबा मराठा पलटणीत होते आणि तलवार 'इटलीस्नं' आणली होती. मराठा लाइट इन्फंट्रीच्या पलटणी दुसऱ्या महायुद्धात इटलीत लढल्या हे खरंच आहे. पळसगावचे नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ ला तिथे टायबरच्या वरच्या खोऱ्यात एकट्याने मशीनगनवर धावून गेले आणि मारले गेले. त्यांना मरणोत्तर व्हिक्टोरिया क्रॉस मिळाला, माणगावला त्यांचा पुतळा आहे. २ मे १९४५ ला इटलीतल्या जर्मन फौजांनी शरणागती पत्करली. तेव्हा अशा कितीतरी तलवारी विजेत्यांच्या ट्रंकांत गेल्या असणार.

आजीला मी घाबरत घाबरत सगळं सांगितलं. ती शांतपणे म्हणाली, "मंग तेच्यावर नाव असंल की कुनाचं तरी. बघ ना. तेच्या बी घरात कोन असंल."

आता माझ्यातला इंजिनियर जागा झाला. साध्या शिपायाचं हत्यार सरकारी असायचं, त्यावर सरकारी शिक्के असत. जर्मन अधिकारी मात्र आपली तलवार स्वतःच्या पैशाने विकत घेत. त्यामुळे त्यावर पलटणीचा नंबर सहसा नसतोच. हौशी माणूस फार तर पात्यावर नाव कोरून घ्यायचा किंवा मुठीखालच्या छोट्या ढालीवर आद्याक्षरं. आमच्या तलवारीवर ढालीच्या मागे दोन अक्षरं निघाली. फक्त दोन.

जर्मन सैनिकांची कागदपत्रं आज जर्मनीच्या सरकारी अभिलेखागारात, म्हणजे बुंडेसआर्काइव्हमध्ये आहेत. पण तिथे शोध घ्यायला माणसाचं पूर्ण नाव हवं आणि जन्मतारीख हवी. आपण आयटीवाले ज्याला प्रायमरी की म्हणतो, ती. दोन अक्षरांवर क्वेरी मारली तर हजारो रेकॉर्ड येतील आणि त्यातला कोणीही 'आपला' वाटू शकेल. आणि इथेच खरा धोका आहे. उत्तर हवंच असेल तर ते सापडतंच. कोणीतरी नामांकित जनरल त्याच आद्याक्षरांचा निघतो, आणि मग तलवार 'त्याची' होते.

हे फक्त आमच्या गावात होतं असं नाही बरं का. २०२५ च्या एप्रिलमध्ये लंडनला सदबीच्या लिलावात नागपूरकर रघुजी भोसल्यांची तलवार निघाली. महाराष्ट्र सरकारने ती सुमारे ४७ लाख रुपये खर्चून मिळवली आणि ऑगस्टमध्ये ती मुंबईत आली. तिचंही पातं युरोपियनच आहे. परदेशी पात्यांना तेव्हा आपल्याकडे मोठी मागणी होती आणि तशा तलवारीला 'फिरंग' म्हणत. पण तिच्या पात्याच्या पाठीवर सोन्याच्या देवनागरी अक्षरांत मालकाचं नाव आहे आणि 'सेनासाहेब सुभा' ही पदवीसुद्धा. केवढी सोय! तरीही बघा, नागपूरच्या गादीवर रघुजी नावाचे तिघे होऊन गेले आणि दुसऱ्या रघुजींकडेही हीच पदवी होती. म्हणजे नाव कोरलेलं असूनही ती १७५५ मध्ये वारलेल्या पहिल्या रघुजींची म्हणायला आणखी अभ्यास लागतोच.

उलट उदाहरण वाघनखांचं. २०२४ च्या जुलैत लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमकडून ती तीन वर्षांसाठी महाराष्ट्रात आली. त्यांच्या डबीवरच्या मजकुरात साताऱ्याचा रेसिडेंट ग्रँट डफ याचं नाव आहे. पण डबी नंतरची आणि प्रतापगडची लढाई १६५९ ची. मधल्या दीडशेहून अधिक वर्षांचा कागद नाही. महाराजांनी वापरलेली वाघनखं हीच, याची खात्री देता येत नाही, असं त्या म्युझियमनेच म्हटलंय. आपल्याकडे असं बोलायची हिंमत किती जण करतात? बोललं की लगेच 'तुम्हाला अभिमान नाही'. माझं म्हणणं एवढंच आहे की अभिमान असेल तर पुरावा जास्त मागावा. आई म्हणून कोणाच्याही पाया पडता येतं, पण आपली आई कोण हे माहीत असावं लागतं.

तर मंडळी, मूळ मालक शोधताना मला एक गोष्ट चांगलीच झोंबली. त्या जर्मन माणसाबद्दल मला निदान दोन अक्षरं माहीत झाली, कारखाना कळला, साधारण काळ कळला. आणि आमच्या आजोबांबद्दल? त्यांची पलटण कितवी, कंपनी कुठली, इटलीत ते नक्की कुठे होते, तलवार त्यांना कोणी दिली की त्यांनी उचलली, काही काही माहीत नाही. त्यांचं डिस्चार्ज बुक वाळवीने खाल्लं. ते गेले तेव्हा मी जन्मलो नव्हतो, पण माझे वडील होते, काका होते. कोणी विचारलं नाही. का विचारायचं? तलवार शिवकालीन होती ना! मावळ्याची तलवार म्हटल्यावर इटलीत लढलेल्या माणसाची गोष्ट कोण ऐकणार? म्हणजे त्या खोट्या मोठेपणाने आमच्याच घरातला खरा माणूस पुसून टाकला.

देवळातल्या मंडळींना मी हे सांगितलं तेव्हा अर्थातच ते खूश झाले नाहीत. एक जण म्हणाले, "शिकून काय केलंस, होतं ते पण घालवलंस." माझ्याकडे उत्तर नव्हतं. फ्लेक्स रद्द झाला. दोन दिवस गावात माझ्याशी फारसं कोणी बोललं नाही. वडीलही नाही.

पण आजीने तलवार परत भिंतीवर टांगली. नव्वदीतली बाई, म्हणाली, "तेंचीच हाय की. तेंनीच आनली." कायद्याने मालक कोण, नैतिक मालक कोण, जर्मन कुटुंबाला ती परत द्यायची का, हे प्रश्न माझ्या डोक्यात अजून आहेत. कधी त्या दोन अक्षरांचं पूर्ण नाव कळलं तर पत्र मी नक्की लिहीन. त्या चिन्हाखाली काय काय झालं हे माहीत असूनही लिहीन, कारण वस्तू कोणाची हे सांगणं वेगळं आणि त्या माणसाला चांगलं म्हणणं वेगळं.

सध्या दोन कामं केलीत. बेळगावला मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, तिथे आजोबांचं नाव-गाव लिहून पत्र टाकलंय. आणि आजीला समोर बसवून तासभर रेकॉर्डिंग केलं. मग एका कागदावर लिहिलं : तलवार कुठली, शिक्के कोणते, घरात कशी आली, हे कोणी सांगितलं, कोणत्या तारखेला सांगितलं. जे फक्त ऐकीव आहे त्यापुढे 'ऐकीव' असं लिहिलं. कागद प्लॅस्टिकमध्ये घालून म्यानाला बांधून ठेवलाय.

तुमच्याही गावी माळ्यावर काहीतरी असेलच. पितळी दुर्बीण, बिल्ला, जुनं घड्याळ, नाहीतर परातीएवढी ढाल. पुढच्या वेळी गेलात की त्याचा फोटो काढून स्टेटसला टाकायच्या आधी घरातल्या सगळ्यात म्हाताऱ्या माणसाजवळ बसा आणि विचारा, हे कोणी आणलं? पुढच्या सुट्टीला विचारू म्हणू नका. आमच्याकडे तेच म्हणत म्हणत चाळीस वर्षं गेली.