पाहून काढलेला गेंडा



आपली मुले विज्ञानाच्या वहीत प्राण्यांच्या आकृत्या काढतात. बहुतेक आकृत्या पुस्तकातून उतरवलेल्या असतात. पुस्तकात चूक असली, तर ती वहीतही येते. मोठमोठ्या विद्वानांचेही एकदा असेच झाले होते.

गुजरातच्या सुलतानाने पोर्तुगीजांना दिलेला एक गेंडा १५१५ साली गोव्याहून जहाजाने लिस्बनला पोहोचला. जर्मनीचा नामवंत चित्रकार ड्यूरर याने तो कधी पाहिलाच नाही. दुसऱ्याने केलेले वर्णन आणि कच्चे रेखाटन यांवरून त्याने चित्र काढले व लाकडी ठशाने छापले. त्यात गेंड्याच्या पाठीवर नसलेले दुसरे शिंग आले, अंगावर चिलखताचे पत्रे आले! थोर माणसाचे, त्यात छापील. म्हणून युरोपातील ग्रंथकार दोनशे वर्षांहून अधिक काळ तेच उतरवत राहिले.

आता आपल्या महाराष्ट्रात या. १७९० साली पुण्यात गंगाराम चिंतामण तांबट यांनी पेशव्यांच्या शिकारखान्यातला गेंडा काढला, तो समोर पाहून. ज्या पेशवाईत आमच्या पूर्वजांच्या सावलीचाही विटाळ होत असे, तेथे पोथीतल्या शब्दाला मान होता, कारागिराच्या डोळ्याला नव्हता. तांबट म्हणजे तांब्याची भांडी घडवणारे. अशा हातांनी काढलेले ते चित्र आज अमेरिकेत येल विद्यापीठाच्या संग्रहात जपून ठेवले आहे. वेरूळच्या लेण्यांची चित्रेही गंगारामांनी काढली.

ऐकीव आहे, परंपरेने आले आहे, ग्रंथात लिहिले आहे, एवढ्यावरून काही खरे मानू नका, असे तथागतांनी कालामांना सांगितले. विज्ञानाची सुरुवात हीच, आणि चांगल्या चित्राचीही.

धावड्याच्या मुलांना अजिंठा दूर नाही. सतराव्या लेण्यातले छद्दंत जातकाचे हत्ती त्यांना अवश्य दाखवा. मग घरी आल्यावर दारातली शेळी समोर ठेवून काढायला लावा. तिच्या डोळ्यातली बाहुली आडवी असते, खुराला दोन फाके असतात, वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. हे आपल्यापैकी किती जणांनी नीट पाहिले आहे? महागड्या रंगपेटीची गरज नाही. पाटी-पेन्सिल पुरे. चित्र वेडेवाकडे आले तरी रागावू नका; फक्त "बाळा, हे तू स्वतः पाहिलेस का?" एवढे विचारा. हा प्रश्न ज्या मुलाच्या अंगवळणी पडेल, त्याला उद्या कोणी बुवा-महाराज सहजासहजी फसवू शकणार नाही.