टेम्पोचे पथ्यपाणी

दसऱ्याला गाडी धुवायची, तिला झेंडूची माळ घालायची, चाकाखाली लिंबू ठेवायचे आणि नारळ वाढवायचा. एवढे झाले की वाहनाबद्दलचे आपले कर्तव्य संपले, अशी पुष्कळांची समजूत असते. बॉनेटवर माळ चढते, पण बॉनेट काही उघडत नाही!

चैनीच्या मोटारीचे एक वेळ चालेल. पण फराळाच्या ऑर्डरी घेणारी, मंडपाचे सामान पुरवणारी, भाजीची ने-आण करणारी कितीतरी कुटुंबे आज शहरात आहेत आणि त्यांच्या दारात डिझेलवर चालणारा छोटा पिकअप टेम्पो उभा असतो. तो घरातला कमावता मेंबर! ऐन दिवाळीत चकल्यांचे डबे पोटात घेऊन तो रस्त्यात बसला, तर गिऱ्हाईक कारण ऐकत नाही. एका दिवसाचे भाडे बुडते ते भरून काढता येते, गेलेला शब्द परत येत नाही.

या टेम्पोचे थोडे पथ्यपाणी घरच्या घरी सांभाळता येते. त्यासाठी आधी त्याचा स्वभाव ओळखावा. सायकलचा पंप जोराने मारला की त्याचे तोंड गरम होते, हे लहान मुलालाही ठाऊक असते. रुडॉल्फ डिझेल या जर्मन इंजिनियरने हेच तत्त्व वापरून १८९७ साली आउग्सबुर्ग येथे आपले इंजिन यशस्वी करून दाखवले. सिलिंडरातली हवा इतकी दाबायची की ती ५०० अंश सेल्सियसच्याही वर तापते. मग त्यात डिझेलचा फवारा सोडला की ठिणगीवाचून भडका उडतो. आपल्याकडे पुण्यात १९४६ साली किर्लोस्कर ऑइल इंजिन्स ही कंपनी निघाली आणि शेतकऱ्याच्या विहिरीवर हे यंत्र धडधडू लागले. खेड्यातला माणूस त्याला नुसते 'इंजिन' म्हणे, आणि रोज सकाळी त्याचे तेलपाणी पाहिल्यावाचून हँडल मारीत नसे. ती सवय शहरात येताना मात्र गळाली.

पहिले पथ्य तेलाचे. गाडी सपाट जागी असावी, इंजिन थंड असावे. काडी काढून पुसावी, पुन्हा घालावी आणि मग पाहावी. तेल दोन खुणांच्या मध्ये हवे. तेल काळे दिसले म्हणून घाबरू नये. डिझेलच्या काजळीमुळे नवे तेलही थोड्याच दिवसांत काळे होते. ते कधी बदलायचे, हे रंगावरून नव्हे, गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या किलोमीटरवरून व महिन्यांवरून ठरवावे. भ्यायचे ते दोन गोष्टींना : तेल दुधाळ झाले, म्हणजे त्यात पाणी शिरले, आणि न घालताच पातळी चढली, म्हणजे बहुधा त्यात डिझेल मिसळले. अशा वेळी गाडी चालवू नये, मेकॅनिकला बोलवावे. एप्रिल २०२० पासून आलेल्या बीएस-६ गाड्यांना धुराच्या वाटेवर काजळीची गाळणी असते. तिला पुस्तकात सांगितलेल्या प्रतीचेच तेल चालते. दुकानदाराने पुढे केलेला स्वस्त डबा नव्हे.

दुसरे पथ्य पाण्याचे. पाणी डिझेलपेक्षा जड, म्हणून ते फिल्टरच्या तळाशी बसते आणि पुढे गेले तर पंप-नोझल गंजवते. बहुतेक गाड्यांच्या डिझेल फिल्टरखाली एक छोटा स्क्रू असतो. खाली वाटी धरून तो सैल करावा, पाणी जाऊन स्वच्छ डिझेल दिसले की आवळावा. पावसाळ्यात अर्धी टाकी रात्रभर ठेवली की आत दव धरते; संध्याकाळी टाकी भरून ठेवणे हा साधा उपाय.

तिसरे हवेचे. एअर फिल्टरचा कागद पाण्याने धुऊ नये. हलकेच झटकावा, फारच मळला तर बदलावा. टायरची हवा सकाळी, गाडी थंड असताना पाहावी. रिकाम्या आणि भरल्या गाडीचे आकडे निराळे असतात. ब्रेक ऑइलची पातळी उतरलेली दिसली, तर नुसते वरून ओतून स्वस्थ बसू नये. ते का उतरले याचा शोध लावावा. उतारावर भरलेली गाडी थांबवणारे तेच आहे.

"अहो, पण ही तर पुरुषांची कामे!" असे एखाद्या वहिनी म्हणतील. वहिनी, पाकाची तार ज्या बोटांना कळते त्यांना तेलाची काडी वाचणे का जड जाईल? पाच मिनिटांचे तर काम!

मात्र काही गोष्टींना घरी हात लावू नये. नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली शिरणे म्हणजे जिवाशी खेळ. तापलेल्या रेडिएटरचे झाकण उघडू नये, उकळते पाणी तोंडावर येते. बंद गॅरेजात इंजिन चालू ठेवू नये, धुरातला विषारी वायू वासावरून कळत नाही. आणि चालू इंजिनाची डिझेलची नळी कुठे गळते हे बोटाने चाचपू नये. नव्या गाड्यांत तिथे हवेच्या दाबाच्या हजारपटीहून अधिक दाब असतो. तो बारीक फवारा कातडी भेदून आत शिरतो. वर जखम टाचणीएवढी, पण बोट गमावण्याची पाळी येते. असे झालेच तर क्षणभरही न थांबता इस्पितळ गाठावे.

आणखी एक. काढलेले तेल गटारात ओतू नका. ते पुढे नदीत जाते, आणि नदीचेच पाणी कुणाच्या तरी नळाला येते. झाकणाच्या डब्यात साठवून, असे तेल रीतसर गोळा करणाऱ्या गॅरेजाकडे द्यावे.

पाडव्याला व्यापारी वहीपूजन करतात. यंदा त्या वह्यांत एक पातळशी वही टेम्पोचीही ठेवा. तारीख, किलोमीटर, काय पाहिले, काय बदलले, एवढ्या चारच रकाने. पहिल्या पानावर श्री लिहा आणि पहिली नोंद करण्याआधी बॉनेट उघडा. दसऱ्याची माळ एव्हाना सुकली असेल. तीही काढून टाका.